बारकोड आणि साठ कपांचा बंब

टेबलावर एकूण सात वस्तू होत्या: साठ कपांचा कॉफीचा नवा बंब, त्याचं खोकं, दुकानाची पावती, फॉर्म, कात्री, पाकीट आणि टपालाचं एक तिकीट.

"लोक फॉर्म वाचतच नाहीत, म्हणून कंपन्यांचं फावतं!" व्हर्लिन ऑस्टबी छाती फुगवून म्हणाला. मिनेसोटातल्या त्या गावात, ल्यूथरन चर्चच्या स्वयंपाकघराचा प्रमुख होऊन त्याला आठवडा झाला होता. उद्या, रविवारी, प्रार्थनेनंतरची कॉफी ही त्याची पहिलीच परीक्षा. पावती आणि खोक्यावरचा बारकोड टपालाने धाडला की कंपनी वीस डॉलर परत देणार होती.

"आधी बंब लावून तर बघ," अर्लिसबाई म्हणाल्या. तीस वर्षं चर्चची कॉफी त्यांच्याच हातची होती.

"अर्लिसबाई, मुदत आज संपतेय!"

त्याने पट्टी लावून बारकोड कापला, पाकीट टपालपेटीत टाकलं, आणि जाता जाता चर्चचा जुना बंब गावातल्या दुसऱ्या, मेथडिस्टांच्या चर्चला दान करून आला. मग नवा लावला. तासाभराने त्यातलं पाणी इतकं गार होतं, की मासे सुखाने नांदले असते!

तो दुकानात धावला.

"बारकोड कुठाय?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"कंपनीला पाठवला!"

"मग बदलून नाही मिळणार. बारकोडशिवाय खोकं आम्ही घेत नाही."

"अहो, पण फॉर्मवरच लिहिलंय, कापा म्हणून!"

"तो कंपनीचा फॉर्म. आमचा नाही."

दहा मिनिटांनी टपालवाली लव्हॉन पेटी रिकामी करायला आली, तेव्हा व्हर्लिनचा हात खांद्यापर्यंत आत अडकला होता.

"काय रे, पेटीला मिठी कशाला मारलीस?"

"माझंच पाकीट आहे गं!"

"आत पडलं की सरकारचं. परत हवं तर सोमवारी अर्ज भर."

"म्हणजे फॉर्म?" व्हर्लिनचा चेहरा उजळला. "फॉर्म भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही!"

"आधी तो बाहेर काढ," लव्हॉन म्हणाली.

अर्धा पौंड लोणी लागलं.

"जा, मेथडिस्टांकडून जुना बंब मागून आण," अर्लिसबाई म्हणाल्या.

"दिलेलं दान परत मागू? हा व्हर्लिन ऑस्टबी? शक्य नाही!"

रविवारी बाहेर शून्याखाली अठरा अंश होते. चर्चच्या तळघरात कॉफीऐवजी ऐंशी पेले संत्र्याचं गार सरबत मांडलं होतं. त्रेसष्ट उरले.