जेवून दोन तासांनी

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लालबागच्या रस्त्यावर खचाखच भरला होता. मुंगीला वाट नव्हती. त्यातून आमच्या चाळीतले नाना हातातली बाटली उंच धरून निघाले होते. "बाजू द्या! बाईमाणसाची लघवी आहे!" घोषणा थांबल्या आणि मोर्चा दुभंगला.

नाना परळच्या एका प्रसूतिगृहात प्रयोगशाळेत होते. मूळचे गिरगावातले, आमच्या चाळीत एकटेच राहत. कुणाला दिवस गेले की ते अभिनंदन करत नसत. विचारत, "आईला मधुमेह? आधीचं मूल किती पौंडांचं?" उत्तर पटलं नाही की त्या दारात रिकामी बाटली येई. रविवारी गॅलरीत स्पिरिटचा दिवा लावून ते निळ्या औषधात लघवीचे थेंब उकळत. साखर नसली तर रंग निळाच राही. असली तर हिरवा, पिवळा, थेट विटकरी. निकाल मात्र हिंदमाताच्या बाजारातल्या साडीवाल्यासारखा पुकारत: "साळवीणबाई, पोपटी निघाली! उद्या रक्त तपासायला या!"

मी तालुक्याच्या शाळेतून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. नाना मला 'बी.ए.' म्हणत. आमचं पहिलं मूल गावी झालं, साडेनऊ पौंडांचं. 'पैलवान आला' म्हणून गावानं कौतुक केलं. पैलवानानं दुसरा दिवस पाहिला नाही.

म्हणून सुमनला पुन्हा दिवस गेले आणि दारात बाटली आली, तेव्हा मला आधारच वाटला. "जेवून दोन तासांनी," नानांनी बजावलं.

चार रविवार नळी निळी आली. नानांच्या कपाळावरची आठी वाढत गेली.

"बी.ए., हे लक्षण मला बरं दिसत नाही."

"निळी आली तरी?"

"निळी आली म्हणूनच."

पाचव्या रविवारी ते आमच्याकडे पाट घेऊन बसले. "आक्का, सूनबाईचं पान माझ्यासमोर वाढा."

आई घुटमळली. "ती तपासणी झाल्यावर जेवते."

"म्हणजे?"

"रविवारी सकाळपासून तिला काही देत नाही मी. परीक्षा ना ती? नापास झाली म्हणजे?" माझ्याकडे बोट दाखवून आई अभिमानानं म्हणाली, "हासुद्धा परीक्षेला उपाशीच जायचा. पहिला यायचा!"

नाना ओरडले नाहीत. सुमन वरणभात जेवेपर्यंत समोर बसले, मग दोन तास भिंतीवरच्या घड्याळासमोर. नळी विटकरी झाली. त्या दिवशी त्यांनी रंग पुकारला नाही.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. मधुमेहच होता. सातवा महिना होता. पथ्य आणि इंजेक्शनं लगेच सुरू झाली. आई कोपऱ्यात बसून रडत होती. "मीच जिवावर उठले रे लेकराच्या."

नाना तिच्याजवळ खाली बसले. "आक्का, माझ्या बायकोची नळी शेवटपर्यंत निळीच होती. मीच तपासायचो. सकाळी, उपाशीपोटी. दोघंही गेली."

आईनं डोळे पुसले आणि त्यांचं पान वाढायला घेतलं.

नानांच्याच प्रसूतिगृहात मुलगी झाली ती सात पौंडांची. आतून तिचा आवाज आला तसा मी बाकावरून उठून दाराकडे धावलो. नानांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"थांब रे बी.ए. रडू दे जरा. मला ऐकू दे."