तुलनात्मक साहित्य क्रमांक एक्केचाळीस

कामिया तोशिनोरी यांनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आपली पहिली मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. यात तसं वावगं काही नव्हतं. ते मोटरसायकल बनवणाऱ्या कंपनीत चोवीस वर्षं नोकरीला होते, एवढीच काय ती अडचण.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. जपानातल्या एन्शूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातही तिचं नाव कोणी घेत नाही, नुसतं 'कंपनी' म्हटलं की भागतं. निम्मं गाव तिथे कामाला जातं आणि उरलेलं निम्मं गाव त्यांना वाम मासे भाजून खायला घालतं. कंपनी दिवसाला नऊशे मोटरसायकली बनवते. त्या बनवणारी माणसं मात्र छोट्या चारचाकीतून कामावर येतात, कारण दुचाकी किती धोक्याची असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

कामिया माहितीपत्रक विभागात होते. 'काळजाला हात घालणारा आवाज' हे वाक्य त्यांचं. आजवर त्र्याहत्तर मॉडेलांना त्यांनी ते चिकटवलं होतं, त्यात एक गवत कापायचं यंत्रही होतं. स्वतः ते जन्मात कधी मोटरसायकलवर बसले नव्हते आणि त्यामुळे कामात काही अडतही नव्हतं.

मग गेल्या शरदात एका सिग्नलला त्यांच्या चारचाकीशेजारी एक जुनी, लाल, इटालियन मोटरसायकल येऊन थांबली. कामियांनी काच खाली केली आणि तो आवाज ऐकला. दिवा हिरवा झाला, मोटरसायकल निघून गेली, कामिया तिथेच. मागच्यांनी हॉर्न वाजवला नाही, आमच्याकडे वाजवत नाहीत. दिवा आणखी दोनदा लाल-हिरवा झाला तेव्हा कुठे ते भानावर आले. चोवीस वर्षं आपण जे लिहीत होतो ते याच्याबद्दल होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी गुपचूप ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. आमच्याकडे मोठ्या मोटरसायकलच्या परीक्षेत एक अरुंद फळी असते. तिच्यावरून गाडी न्यायची, पण दहा सेकंदांच्या आत पलीकडे पोचलात तर गुण कापतात. भन्नाट वेगाने धावणारं यंत्र किती हळू चालवता येतं, यावर लायसन्स मिळतं. कामियांना चौदा सेकंद लागले. मास्तर म्हणाले, "असा शिष्य वीस वर्षांत पाहिला नाही."

ती लाल मोटरसायकल त्यांना नोझुए यांच्या जुन्या युरोपियन गाड्यांच्या दुकानात सापडली. तीच, टाकीवर तोच पोचा. मालकाने विकायला ठेवली होती.

"ही?" नोझुए म्हणाले. "ही तुम्हाला द्यायला माझं मन धजत नाही हो. पहिलीच गाडी ना तुमची? पहिल्या गाडीला माणसाने जरा शहाण्यासारखं वागावं."

"दोष काय आहे तिच्यात?"

"थांबा, वही आणतो." नोझुएंनी खरंच वही आणली. "पाऊस असला की डावा इंडिकेटर लागत नाही. ऊन असलं की उजवा. ढगाळ हवेत मात्र झकास."

"आणि सुटे भाग?"

"इटलीहून येतात. ऑगस्टमध्ये मागवायचे नाहीत, सगळा देश समुद्रावर असतो."

"घेतो," असं म्हणायला कामियांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"सुरू करून ऐकवू?" नोझुएंनी विचारलं.

कामियांनी बटणाकडे पाहिलं. त्यासाठीच तर ते आले होते. पण दुकानदाराने आपल्यासाठी गाडी सुरू केली, त्याचं पेट्रोल जळलं, शेजाऱ्यांना त्रास झाला, की मग आमच्याकडे 'नको' म्हणायला तोंड राहत नाही. आणि कंपनीत कळवल्याशिवाय 'हो' म्हणायची सोय नव्हती.

"आज नको. आधी ऑफिसात कळवून येतो. मग निवांत ऐकेन."

"अहो, एक बटण तर दाबायचंय!"

"कळवून येतो," कामिया म्हणाले आणि मोटरसायकलला वाकून नमस्कार करून निघाले.

घरी त्यांची बायको मिनाए नुकतीच वाम भाजायच्या दुकानातून कामावरून आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लिटरला किती देते?"

"ते विचारलं नाही."

"मग दोन तास काय विचारत होतात?"

"तिचा आवाज, मिनाए..."

"आवाज भातावर वाढून खाता येतो का?" मिनाए म्हणाली. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती जरा विरघळली. "बरं, घ्या बाई एकदाची. चोवीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाहीत. पण कंपनीत रीतसर कळवा हं. उद्या तुमच्या मुरामात्सुसाहेबांची बायको दुकानात आली तर मी कुठल्या तोंडाने वाढू तिला?"

कंपनीत कोणाला कशाचीच मनाई नसते. फक्त सगळ्यांना कळवायचं असतं. त्यासाठी 'अन्य-उत्पादक दुचाकीच्या वैयक्तिक खरेदीबाबत पूर्वकल्पना-पत्र' नावाचा छापील नमुना होता. तो यापूर्वी एकाच गृहस्थांनी भरला होता आणि ते हल्ली दूर उत्तरेला होक्काइदोत बर्फ सारायच्या यंत्रांची दुरुस्ती पाहतात. शिवाय दुसऱ्या कंपनीची गाडी मुख्य फाटकाशी लावता येत नाही. ती सात नंबरच्या तळावर, चहाच्या मळ्यापलीकडे लावायची आणि तिथून पंचवीस मिनिटं चालत यायचं. कामियांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट तेवढीच मोटरसायकल लांबपर्यंत मागे वळून बघता येईल, असं त्यांना वाटलं.

पत्रावर शिक्क्यांचे चौदा चौकोन होते. सगळ्यात डावीकडे संचालक, सगळ्यात उजवीकडे अर्जदार. आपला शिक्का जरासा डावीकडे झुकवून मारायचा, म्हणजे तो वरिष्ठांना वाकून नमस्कार करतो आहे असं दिसतं. नवा कारकून पहिल्या आठवड्यात आणखी काही शिकला नाही तरी हे शिकतोच. कामियांनी चोवीस वर्षांत हजारो झुकते शिक्के मारले होते. पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांपुढे लाल टाकी होती. आनंदाच्या भरात त्यांनी शिक्का मारला तो चक्क ताठ.

पत्र पुढे सरकलं आणि गोंधळ माजला. बाजूच्या टेबलावरच्यांनी हा उद्धटपणा सावरायला आपला शिक्का जास्त वाकवला. त्यापुढच्यांनी त्याहून जास्त. हिशेब विभागाचा शिक्का तर जवळजवळ आडवा पडला होता. चौथ्या दिवशी विभागप्रमुख मुरामात्सुंनी कामियांना दार लावून आत बसवलं.

"कामिया-सान, घरी काही त्रास?"

"नाही साहेब."

"राजीनामा द्यायचा विचार?"

"छे हो!"

"मग हा शिक्का? मी कोनमापक लावून पाहिलंय. बरोबर नव्वद अंश."

"चुकून झालं, साहेब."

"चुकून! आता 'चुकून' म्हणता येणार नाही. तेरा जणांनी पुढे शिक्के मारलेत, त्यांनी काय चुकीवर मारले? बरं, संचालकांनी पत्र पाहिलं. पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, इतक्या वर्षांत या कंपनीत एक माणूस ताठ उभा राहिलेला दिसला. याला नक्की काहीतरी सापडलंय." मुरामात्सु उठले आणि त्यांनी कामियांपुढे मान झुकवली. "अभिनंदन! ती गाडी कंपनी विकत घेणार. संशोधनासाठी. तुम्ही प्रकल्पप्रमुख."

"पण साहेब, मला ती चालवायची होती."

"काहीतरीच काय! दुसऱ्याची गाडी चालवली तर ती फितुरी. खोलली तर संशोधन. तुमच्या भल्यासाठीच तर सगळं चाललंय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि बरं का, लिटरला किती देते हो ती?"

दोन दिवसांनी प्रकल्पाच्या उद्घाटनाची बैठक चालू असताना कामियांचा फोन वाजला. पलीकडे नोझुए होते.

"कामिया-सान, तुमची माणसं ट्रक घेऊन आलीत. कंपनीच्या आवारात पेट्रोल चालत नाही म्हणे, टाकी इथेच रिकामी करायला सांगतायत. त्याआधी एकदा सुरू करतो. फोन कानाला धरा, ऐका."

कामियांनी वर पाहिलं. संचालक बोलत होते. विषय होता आनंद.

"मी बैठकीत आहे," ते कुजबुजले. "नंतर ऐकतो."

नंतर काही उरलंच नाही. मोटरसायकल आली ती 'तुलनात्मक साहित्य क्रमांक एक्केचाळीस' अशी चिठ्ठी लावून आली आणि तीन आठवड्यांत पांढऱ्या कापडावर दोन हजार तीनशे सहा भागांत पसरली. प्रत्येक भागाला वेगळी चिठ्ठी. संशोधनाचा प्रश्न संचालकांनी स्वतः लिहून दिला होता: या वाहनातला आनंद नेमका कोणत्या भागात आहे? भाग विभागवार वाटले गेले, तापवले, दाबले, कापले गेले. आनंद कुठेच सापडला नाही. मागच्या चाकाच्या एका नटाबद्दल शंका होती, पण तो गंज निघाला.

"ही पुन्हा जोडायची कधी?" कामियांनी एकदा धीर करून विचारलं.

"जोडायचा छापील नमुना नाही," मुरामात्सु म्हणाले. "फक्त खोलायचा आहे."

अहवाल लिहायचं काम अर्थातच कामियांचं. रुंदी, वजन, रंग, पोच्याची खोली, सगळे रकाने भरले. 'आवाज' हा रकाना राहिला. त्यावर ते चार दिवस बसून होते. पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'काळजाला हात घालणारा आवाज.' चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे वाक्य खरं म्हणून लिहिलं आणि लिहिताना त्यांचे डोळे भरून आले.

अहवाल तासाभरात परत आला. शेरा होता: 'हे वाक्य कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनांसाठी राखीव आहे. अन्य उत्पादकास लावू नये.' कामियांनी ते खोडलं, 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. व्यवस्थित झुकलेला. मोटरसायकल भंगारात गेली.

प्रकल्प वाया गेला असं मात्र कोणी समजू नये. पुढच्याच वसंतात कंपनीने 'इटालियन लहर' असलेलं नवं मॉडेल आणलं. पाऊस पडला की डावा इंडिकेटर आपोआप बंद पडतो आणि त्याला पाच वर्षांची गॅरंटी आहे. टाकीवर कारखान्यातच एक पोचा पाडून मिळतो. आवाजाचा नमुना हाताशी नव्हता, तेव्हा माहितीपत्रकात तेच वाक्य असलेल्या जवळच्या यंत्राचा घेतला. यंत्र गवत कापायचं होतं. पहिली गाडी संचालकांच्या हस्ते कामियांना बक्षीस मिळाली. रंग राखाडी, कारण लाल रंगाला चौदा शिक्के लागले असते.

ते आता रोज तिच्यावरून कामावर जातात, फळीवरून चालल्यासारखे, आणि मुख्य फाटकाशी एक नंबरच्या तळावर लावतात. पहिल्या दिवशी सगळा विभाग तिच्याभोवती जमला आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. कामिया म्हणाले, "छत्तीस." सगळे म्हणाले, "वा!" घरी मिनाएनेही विचारलं आणि ऐकून तीही खूश झाली. त्यांना हवी होती तशी गाडी शेवटी मिळाली, असंच गाव समजतं.

आणि तुम्ही हो, वाचक? आमच्या गावाला इतका वेळ हसत होतात ना? हसा की. पण ती लाल गाडी दुकानात उभी होती तेव्हापासून तुमच्याही डोक्यात काय घोळतंय, ते मला कळत नाही असं समजू नका. सांगून टाकतो: सतरा. लिटरला सतरा. झालं समाधान? सिग्नलला ऐकलेला तो आवाज कसा होता, हे कामियांना कोणाला तरी फार सांगायचं होतं. तुम्ही विचाराल, अशी त्यांना आशा होती.