कमी मापाची गिटार

नानांनी गिटारची जाडी टेपने दोनदा मोजली, चष्मा कपाळावर सरकवला आणि निकाल दिला.

"जावईबापू, तुम्हाला फसवलंय."

जावई खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करत होता. ब्रश हवेतच धरून त्याने विचारलं, "कोणी?"

"दुकानदाराने, दुसरं कोण? पुढून बघावं तर अख्खी गिटार, बाजूने बघावं तर निम्मी. मधला माल काढून घेतलाय."

"नाना, ती पातळच असते. तशी मुद्दाम बनवतात."

"मुद्दामच करतात. चुकून कोण करतं?"

नाना म्हणजे सासरे. वजनमापे खात्यातून निवृत्त. काट्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं आणि आतून पोचे आणलेली मापं पकडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यामुळे जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात असं त्यांचं ठाम मत होतं: कमी भरणाऱ्या, आणि अजून न मोजलेल्या.

गिटारची खरी हकीकत जावयाला सांगायची नव्हती. तो आधी चांगली जाडजूड गिटारच घ्यायला गेला होता. पण ती मांडीवर घेतल्यावर खाली पोट, वर गिटार आणि तिच्यापलीकडे लोंबकळणारा हात अशी अवस्था झाली. बोटं तारांपर्यंत पोचेनात. दुकानदार सभ्य होता. पोटाकडे न बघता तो म्हणाला, "साहेब, ह्या दोघांपैकी एकालाच आज बारीक करता येईल." आणि त्याने भिंतीवरून ही पातळ अंगाची गिटार काढून दिली. नुसती वाजवली तर आवाज बेताचा, पण हिच्या पोटात छोटा माइक बसवलेला. वायर लावून स्पीकरला जोडली की दणदणीत.

"म्हणजे उरलेला आवाज विजेचा?" नाना म्हणाले होते. "दुधात पाणी घालतात तसा?"

आज ह्या वादात पडायला जावयाला वेळ नव्हता. फरश्या आणि नळांच्या एका मोठ्या शोरूममध्ये तो असिस्टंट मॅनेजर होता. एवढं लांबलचक म्हणायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून तिथे त्याचं नाव नुसतं 'असिस्टंट'. आज शनिवारी संध्याकाळी मॅनेजरांचा, म्हणजे मोठ्या साहेबांचा, निरोपसमारंभ होता. त्यात असिस्टंट गिटारवर एक धून वाजवणार होता. चार माणसांसमोर वाजवायची पहिलीच वेळ. आणि मालकांनी परवाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "सोमवारपासून केबिन तुम्हीच सांभाळा." जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये जाऊन साहेबांच्या खुर्चीची उंची तो हळूच बघूनही आला होता. एक खटका खाली घेतली की बरोब्बर बसत होती.

तो आंघोळीला गेला आणि नानांनी तपास पुढे चालू केला. आधी बॅटरी मारून गिटारच्या भोकातून आत बघितलं. मग सीलबंद डबा भरलेला आहे की नाही हे जसं बघतात, तसं गिटारच्या पाठीवर बोटाने टकटक करत कान भोकाला लावला. नानांना ऐकू कमी येई, म्हणून त्यांच्या उजव्या कानात शेंगदाण्याएवढं मशीन असे. ते जरा सैल होतं. टकटक करताना ते कानातून निसटलं आणि दोन तारांच्या मधून अलगद आत गेलं.

नानांनी पुन्हा ठोकून बघितलं. काहीच ऐकू आलं नाही. "पूर्ण रिकामी!" ते स्वतःशी म्हणाले. संशय पक्का झाला.

मशीन नाही हे लेकीच्या लक्षात आलं ते निघायच्या वेळी.

"नाना, मशीन कुठंय?"

"शिलाईचं? ते आपण देऊन टाकलं ना."

"कानातलं, कानातलं!"

"कशाला घालतेस एवढं? साधीच जा. निरोपसमारंभ आहे."

तिने नानांच्या कानाकडे बोट दाखवलं. नानांनी कान चाचपला, मग दुसरा चाचपला, मग काही उपयोग नसताना खिसेही चाचपले. घरात शोधाशोध सुरू झाली. सोफ्याच्या गाद्या निघाल्या, न्हाणीघराची जाळी निघाली, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर पालथा झाला. असिस्टंट इस्त्रीच्या पँटवर गुडघे टेकून पलंगाखाली शिरला आणि गुडघ्यांवर दोन राखाडी गोल घेऊन बाहेर आला. ह्या सगळ्या वेळात घरात कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. पण मशीन सैल झालं की शिट्टी मारतं, हे ह्या घरात इतक्या वर्षांचं होतं की पंख्याच्या आवाजासारखं कुणाला ते ऐकूच येत नसे.

"आता ह्यांना एकटं कसं ठेवायचं?" बायको म्हणाली. "बेल वाजली तरी कळायची नाही. घेऊन जाऊ या."

"समारंभाला?"

"मग काय करू? बसतील पुढे शांतपणे. ऐकू येत नाही म्हटल्यावर बोलणार तरी काय?"

हा अंदाज पूर्ण चुकला, पण तो पुढचा भाग. वाटेत गाडीच्या डिकीतून खुळखुळ आवाज येत होता.

"तुमच्या गिटारमध्ये काय वाजतंय?"

"पिक असेल." तारा छेडायच्या त्या प्लास्टिकच्या चकत्या असिस्टंटच्या हातून सारख्या आत पडत. "वाजवताना कळत नाही."

शोरूममध्ये बाथटब आणि उभ्या फरश्यांच्या मधून खुर्च्या मांडल्या होत्या. स्टेज म्हणजे नमुन्याचं न्हाणीघर. त्याला चौथरा आयता होता. कमोड तेवढा काढून ठेवला होता. बेसिन निघालं नाही, म्हणून त्याच्यात फुलं ठेवली होती. बाजूला काचेची शॉवरची खोली, आणि तिच्या शेजारी, आजच्या दिवसापुरत्या उंच पाठीच्या खुर्चीत, मोठे साहेब.

मोठे साहेब म्हणजे प्रकरण होतं. दोन फरश्यांमधली फट ते नाणं घालून तपासत. कुणी हसलं तर 'गिऱ्हाईक कुठंय?' म्हणून विचारत. ते आत आले की गोडाऊनपासून काउंटरपर्यंत माणसं गिऱ्हाईक नसतानाही फरश्या पुसू लागत. आज स्टाफ वेळेच्या आधी जमला होता, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. प्रत्येकजण चेहऱ्यावर दुःख आणायचा प्रामाणिक प्रयत्न करत होता. काहींना ते अजिबात जमत नव्हतं.

असिस्टंट स्टेजवर चढला. गुडघ्यांवरचे गोल लपावेत म्हणून गिटार जरा खाली धरली, वायर जोडली, घसा साफ केला आणि पहिला स्वर छेडला.

"फ्वीऽऽऽ!"

स्पीकरमधून अशी सणसणीत शिट्टी आली की पुढच्या रांगेने माना मागे वळवल्या. चारी बाजूंनी फरश्या. आवाज नेमका कुठून आला हे कळायला मार्गच नव्हता. दारातला वॉचमन म्हणाला, "मी नाही." त्याला कुणी विचारलंही नव्हतं. नळांच्या काउंटरवरची बाई उठून भिंतीवरचे सगळे नळ बंद करून आली. वास्तविक त्यांतल्या एकालाही पाणी नव्हतं.

असिस्टंटला थांबावंसं वाटलं. पण सुरू केलेली धून मध्ये सोडली तर पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करता येत असे, एवढंच त्याचं शिक्षण झालेलं. तो वाजवत राहिला. जोरात वाजवलं तर शिट्टी झाकली जाईल म्हणून जोरात वाजवलं; शिट्टी आणखी जोरात आली. मागे बसलेल्या गोडाऊनच्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. आज शिट्ट्या चालतात, एवढा अर्थ त्यांनी काढला. मग काय, दोन बोटं तोंडात घालून एकाने खरी शिट्टी ठोकली, दुसऱ्याने तिला उत्तर दिलं, आणि बघता बघता अख्खं शोरूम टाळ्या-शिट्ट्यांनी दुमदुमलं.

नाना पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना जावयाची हलणारी बोटं दिसत होती आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते उभे राहिले आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसलेला माणूस बोलतो त्या पट्टीत म्हणाले, "बघा! मघापासून खटपट चाललीय, आला का आवाज? निम्मी दिलीय त्यांना, निम्मी!"

हशा पिकला. नानांना वाटलं, लोकांना पटलं. ते समाधानाने खाली बसले.

फक्त एकीला हसू येत नव्हतं. असिस्टंटची बायको कान टवकारून बसली होती. तान्ह्या पोराचं रडणं शंभरांतून ओळखावं तशी तिने ती शिट्टी ओळखली.

"अगं बाई," ती पुटपुटली, "ही तर नानांची शिट्टी!"

धून संपली. टाळ्यांच्या गजरात ती तडक स्टेजवर गेली, वायर उपटली आणि नवऱ्याला गिटारसकट शॉवरच्या खोलीत ओढलं. खोलीची काच कमरेपर्यंतच धूसर होती. त्यामुळे नवरा-बायको दोघं मिळून एक गिटार डोक्यावर उलटी धरून गदागदा हलवतायत, हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. कार्यक्रमाचाच भाग असेल म्हणून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

आधी एक पिक पडलं. मग दुसरं. मग शर्टाचं एक बटण, आणि शेवटी ते मशीन, शिट्टी मारतच, असिस्टंटच्या तळहातावर.

"नाना आत कान लावून बसले होते वाटतं!" बायकोने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात बाहेर माइक खरखरला. मोठे साहेब बोलायला उभे राहिले होते. कागदावर लिहून आणलेलं भाषण त्यांनी घडी करून खिशात घातलं.

"मी आलो की इथे सगळं शांत व्हायचं," ते म्हणाले. "मला वाटायचं, शिस्त आहे. अलीकडे कळायला लागलं, की नुसती शिस्त नसावी. आज येताना बायकोला म्हणालो, लवकर येतो, लोक घड्याळाकडे बघत बसलेले असतील." ते थांबले. चष्मा काढला. "माझ्यासाठी आजवर कुणी शिट्टी वाजवली नव्हती हो. कॉलेजातसुद्धा नाही."

मागच्या मंडळींनी शिट्टीसाठी उचललेली बोटं खाली घेतली.

"मालक महिनाभर मागे लागलेत, अजून एक वर्ष थांबा म्हणून. मी नाहीच म्हणत होतो. म्हटलं, थांबायचं कुणासाठी?" साहेबांनी मालकांकडे बघितलं. "मालक, मी थांबतो."

काचेमागे असिस्टंटच्या हातातली गिटार भिंतीला टेकली. बायकोने त्याला कोपर मारलं.

"अहो, उभे काय राहिलात? जा, सांगा! ती शिट्टी मशीनची होती म्हणावं. तुमची खुर्ची चाललीय!"

तो बाहेर आला. मूठ पुढे धरून, सांगायचंच असं ठरवून आला.

"या, असिस्टंट," साहेबांनी माइक त्याच्यापुढे केला. "बोला. हे सगळं तुम्हीच घडवून आणलंत."

असिस्टंटने तोंड उघडलं. साहेबांच्या हातात फरश्या पुसायचं पिवळं फडकं होतं; रुमाल सापडला नसावा. त्या फडक्याने ते डोळे पुसत होते, आणि आपण काय वापरतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. इतकी वर्षं केबिनच्या काचेतून बघितलेला हा माणूस इतक्या जवळून त्याने आजच बघितला.

त्याने तोंड मिटलं आणि मूठ घट्ट आवळली. ते मशीन मुठीत धरलं की जास्तच ओरडतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"फ्वीऽऽऽ!" माइकमधून शिट्टी निघाली.

"बघा!" साहेब लहान मुलासारखे हसले. "अजून थांबत नाहीत!"

गोडाऊनमधून पुन्हा शिट्ट्या सुरू झाल्या. ह्या वेळी त्या जरा कसनुशा होत्या, कारण एक वर्ष म्हणजे काय ह्याचा हिशोब एव्हाना त्यांना कळला होता. असिस्टंट म्हणाला, "साहेब, थांबलात ते... बरं केलंत." आणि हे आपण खोटं बोललो नाही, हे जाणवून तो स्वतःच चकित झाला.

परतताना बायकोने गाडीचं दार जरा जोरातच लावलं. नानांच्या कानात मशीन परत गेलं होतं.

"काय म्हणाले तुमचे साहेब?" नानांनी विचारलं.

"एक वर्ष थांबतो म्हणाले."

"आणि तुमचं केबिन?"

"तेही थांबलं."

बायकोने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. मग असिस्टंटही हसू लागला. सिग्नल हिरवा झाला तरी दोघं हसतच होती, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि नाना म्हणत होते, "अहो, हळू! कानात वाजतंय."

सोमवारी सकाळी मोठे साहेब नेहमीच्या वेळेला शोरूममध्ये शिरले. सवयीने सगळं चिडीचूप झालं, सवयीने हातात फडकी आली. पण साहेब आज तडक केबिनकडे गेले नाहीत. दाराशी क्षणभर थांबले. कशाची वाट बघतायत हे सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी असिस्टंटकडे बघितलं.

असिस्टंटने काउंटरमागून दोन बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकलं. नुसती हवा आली, आणि थोडी थुंकी.

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मग फरश्या पुसणाऱ्यांचे हात एकदम थांबले. आतून फुसफुस आवाज येत होता. मध्येच एखादा सूर लागत होता, मध्येच निसटत होता. शनिवारच्या धुनेची पहिली ओळ साहेब शिट्टीवर बसवत होते.