मुक्या साहेबाची गोड जीभ

सिनेमा मुका असला म्हणून काय झालं, तंबूवाला तर मुका नव्हता! शहात्तर साली घोटावड्याच्या जत्रेत मशीनचा आवाज ऐन वेळी बसला, तेव्हा मोहिद्दीननं बापाच्या पेटाऱ्यातून एक जुना मूकपट काढला. बापाच्या काळी पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायची रीत होती. बापानं सांगितली ती लेकाला काय जड आहे, म्हणत त्यानं पत्र्याचा कर्णा उचलला.

दिवस मावळला. रिकाम्या भातखाचरात तंबू उजळला, पेंढ्याचा वास दरवळू लागला आणि पडद्यावर बंगल्यातली माणसं धुक्यातून यावीत तशी तरंगत आली. एक साहेब, त्याची सोशिक बायको आणि मेजवानीला आलेली, हातात पिसांचा पंखा घेतलेली एक बाई. साहेब त्या पंखेवालीकडे वळला आणि मोहिद्दीन हरवलाच. तुझ्या डोळ्यांत चांदणं मुक्कामाला आलंय, तू हसलीस की मुळा नदीचं पाणी वाट चुकतं, असं काय काय तो बोलत गेला. पुरुष पुढं सरकून बसले. बायकांच्या बाजूला मात्र सगळ्या माना मोहिद्दीनच्या बायकोकडे, कमरबीकडे वळल्या.

खेळ सुटल्यावर कमरबीनं बोचकं बांधलं.

"माझ्याशी कवा बोलला व्हता का असं? कोन हाय ती?"

ती बाई कधीच मरून गेली असेल, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. मेलेल्या सवतीशी तर भांडताही येत नाही, म्हणून ती आणखीच रडली. आता एसटीनं रिह्याला माहेरी जाणार, ते कायमचं. कमरबीवर मोहिद्दीनचा फार जीव होता. फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं होतं. उद्याचा खेळ तेवढा बघून जा, अशी त्यानं गळ घातली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं चांदणं साहेबाच्या बायकोला देऊन टाकलं. ती बिचारी ढसाढसा रडत होती, तरी साहेब तिला रातराणी म्हणत होता. मग पंखेवाली आली. साहेबानं तिला मिठीत घेतलं, गालाला गाल लावला आणि कर्ण्यातून कोरडा आवाज आला, "चहा टाक. अन् माझी बंडी कुटं ठिवलीया?"

तंबू खदखदून हसला. कमरबी उठली. बोचकं काखेत मारून ती पडद्यापुढून चालत आली, तेव्हा तिच्या सावलीत साहेब आणि पंखेवाली दोघंही बुडून गेले. कर्ण्यापाशी येऊन ती थांबली.

"काल निस्तं ग्वाड बोलला व्हता, ते सोसलं असतं," ती म्हणाली. "आज तर तिच्यासंगं संसारच मांडला तुमी."