रोलरची हजामत

सुट्टीच्या दुपारी माणसाने झोपावं. उस्तादांनी एवढं केलं असतं तर त्यांची खुर्ची आज घरात असती. पण सलून बंद, हात रिकामे, आणि हॉलमधल्या गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवता फिरवता बायको म्हणाली की खालच्या रोलरला केस गुंडाळलेत वाटतं, मशीन अडखळतंय. केस म्हटल्यावर उस्ताद उठले. चोवीस वर्षं आसपासच्या चार गल्ल्यांतली डोकी त्यांच्या हाताखालून गेली होती. केसांचा मामला दुसऱ्यावर सोपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यांनी मशीन उलटं केलं, ब्रशचा रोलर काढला आणि खिडकीतल्या उजेडात धरला. बायकोचे लांब केस, गालिच्याचे दोरे, कुठल्यातरी स्वेटरची लोकर, सगळं कात्रीने सफाईने कापून काढलं. (इथे थांबले असते तर गोष्टही इथेच थांबली असती.) पण स्वच्छ झालेल्या रोलरकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं की ब्रशचे केस एका उंचीचे नाहीत. असलं डोकं घेऊन कोणी त्यांच्या सलूनमधून बाहेर पडलं असतं तर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नसतं. त्यांनी कंगवा लावला आणि नुसती टोकं काढली. मग डावी बाजू जास्त उतरली म्हणून उजवी उतरवली. उजवी जास्त उतरली म्हणून पुन्हा डावी.

हा कार्यक्रम दर सुट्टीला होऊ लागला. बायकोला वाटलं, नवरा पंधरा वर्षांनी का होईना, घरकामात लक्ष घालायला लागला. बिचारीने शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

तीन महिन्यांत मशीनने कचरा उचलणं सोडून दिलं. आवाज विमानाचा आणि काम शून्य. गालिच्यावरचा बिस्किटाचा चुरा जागचा उठायचाच नाही, फार तर जरा सरकून बसायचा. उस्तादांनी रोलर काढून बघितला तर पार टकला. त्यांनी ताबडतोब निदान केलं की माल हलका आहे. चांगल्या ब्रशचे केस तीन महिन्यांत झिजत नाहीत. आपली कात्री आणि हे टक्कल यांचा काही संबंध असू शकतो, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही. त्या डोक्यात तो शिरायला जागाही नव्हती, कारण तिथे एक मोठा आनंद मावेनासा झाला होता.

मशीन दिलं होतं मोठ्या मेहुणीने, लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला. मेहुणी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि बहिणीच्या घरी आल्यावरही ते पद सोडत नसत. इतक्या वर्षांत उस्तादांना त्यांची एकही चूक सापडली नव्हती, आणि आता सापडली होती. त्यांनी लगेच फोन लावला. आधी तब्येतीची चौकशी केली आणि मग मधाळ आवाजात सांगितलं की ताई, तुमचा काही दोष नाही, दुकानदाराने फसवलं, साध्या माणसांना फसवतातच.

मग ताईंनी जाहीर केलं की येत्या सुट्टीला मेकॅनिकला घेऊन येते. माल खराब निघाला तर मशीन परत नेईन आणि सगळ्यांसमोर माफी मागेन.

"आणि वापरणाऱ्याची चूक निघाली, तर भाऊजी, ती खुर्ची घराबाहेर."

ती खुर्ची म्हणजे उस्तादांच्या सलूनची पहिली, गोल फिरणारी. सलूनचं फर्निचर बदललं तेव्हा उस्तादांनी ती घरी आणली आणि तेव्हापासून तिने अर्धा हॉल अडवला होता. लोखंडी, अगडबंब, गादीतून काथ्या बाहेर आलेला. बायको तिला सवत म्हणायची. पण उस्तादांचा तिच्यावर जीव होता. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक याच खुर्चीत बसलं होतं, आणि कापणाऱ्याचे हात थरथरताना बघूनही पुढच्या महिन्यात परत आलं होतं. तरी उस्तादांनी पैज एका दमात मान्य केली. त्यांच्या मते हरण्याचा प्रश्नच नव्हता.

ठरल्या सकाळी ताई आल्या. मागोमाग मेकॅनिक आला. अंगाने किरकोळ, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने रोलर काढला, त्यावरून अंगठा फिरवला आणि चष्मा खाली ओढला.

"हा झिजलेला नाही," तो म्हणाला. "झिजला की टोकं पिंजारतात. हा कापलाय."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडत होता, आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. बायकोला दया आली असावी. ती म्हणाली, उंदरांनी कुरतडलं असेल, आमच्याकडे फार झालेत. (घरात एकही उंदीर नव्हता.) मेकॅनिक विचारात पडला. असेलही, म्हणाला. ताईंचा चेहरा उतरला, कारण उंदरांना काही वापरणारे म्हणता येत नव्हतं. उस्तादांनी आणखी एक मिनिट तोंड मिटून ठेवायचं होतं, बस्स. खुर्ची वाचली होती.

मेकॅनिकने रोलर हातात फिरवला. "उंदीरच," तो पुटपुटला. "माणूस इतकं वेडंवाकडं कापणार नाही."

उस्तादांची कानशिलं तापली.

"वेडंवाकडं कुठे आहे ते दाखवा," ते म्हणाले. "पट्टी लावा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक केस वरखाली निघाला तर उद्यापासून सलूनला कुलूप. दर आठवड्याला बसून लेव्हल केलीय. असं काम या भागात दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

मेकॅनिकने चष्मा परत कपाळावर चढवला. (वेडंवाकडं हा शब्द तो मुद्दाम बोलला की सहज, हे उस्तादांना अजून ठरवता आलेलं नाही.) ताईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली आणि खुर्ची अशीच दारातून निघेल की आधी दार काढावं लागेल, एवढंच विचारलं.

दार काढावं लागलं. मेकॅनिकच्या दुकानात येणाऱ्यांना बसायला काही नव्हतं, त्यामुळे खुर्ची त्याच्याच टेम्पोतून गेली. नवा रोलर मागवावा लागला, आणि तो येईपर्यंत घर झाडूने झाडायचं काम कोणाकडे, हे ताईंनी जाण्याआधीच लावून दिलं होतं.

सलून बंद केल्यावर उस्ताद रोज मेकॅनिकच्या दुकानात चौकशीला जाऊ लागले. रोलर आला नाही हे ऐकायचं, आपल्याच खुर्चीत अर्धा तास बसायचं, एक गिरकी घ्यायची आणि घरी जाऊन झाडू धरायचा. रोलर आणखी महिनाभर न आला तरी चालेल, असं त्यांना वाटायला लागलं.

दहाव्या दिवशी तो आला. मेकॅनिकने खोका उघडून रोलर त्यांच्या हातात दिला. केस दाट, काळेभोर. उस्तादांनी तो दिव्याखाली धरला, एक डोळा मिटला आणि टोकांवरून हळूच अंगठा फिरवला.

"डावीकडे जरा वाढलेत," ते म्हणाले.

मेकॅनिकने रोलर त्यांच्या हातातून काढून घेतला, खोक्यात घातला, खोक्याला सुतळी बांधली आणि दोन गाठी मारल्या.

"वहिनींना पाठवा," तो म्हणाला.