एकाकी माणसांची गर्दी

"खरं सांगा काका, तुम्हाला अगदी एकटं एकटं वाटतं ना?" ताईंनी मोठ्या आशेनं विचारलं.

"एकटं वाटायला वेळ कुठाय?" पोस्टमनकाका म्हणाले. "सकाळी फिरायला जायचं, दुपारी पत्ते, संध्याकाळी कट्टा. रात्री पाठ टेकली की घोरायला सुरुवात. हवं तर काकूला विचार."

ताईंचा चेहरा पडला. समोरचा माणूस सुखी आहे हे ऐकून एखाद्या समाजसेविकेचा चेहरा इतका पडलेला कोणी पाहिला नसेल. पण त्यालाही कारण होतं.

ताई सरकारी रुग्णालयात समाजसेविका होत्या. पेशंटपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणत, आणि ते लोण पुढे घरच्या इमारतीपर्यंत पोचलं होतं. समाजकार्यात पीएच.डी. करायची हे त्यांचं फार दिवसांचं स्वप्न. गेल्या वर्षी त्यांनी अर्ज केला, मुलाखतही दिली. पण ऐन मुलाखतीत समोरचे एक सर खोकले, आणि ताईंनी आपल्या विषयाचं सोडून त्यांना छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळवून दिली. सर बरे झाले. ताई नापास झाल्या.

"हे बघा," विभागप्रमुख मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "मदत करायला शिकवणारे अभ्यासक्रम वेगळे. आमचा संशोधनाचा आहे. इथे आधी बघायचं, विचारायचं, समजून घ्यायचं. तुमचे हात फार शिवशिवतात."

यंदा रुग्णालयानं मोठ्या मिनतवारीनं अभ्यासरजा मंजूर केली होती, आणि पुढच्या वर्षी मागू नका असंही बजावलं होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. ताईंचा विषय ठरला होता, वृद्धांचं एकाकीपण. मुलाखतीला येताना थोड्या लोकांशी बोलून छोटीशी पाहणी करून आणा, असं विद्यापीठानं कळवलं होतं. ताईंनी आपलीच इमारत निवडली. तिथं म्हातारी माणसं भरपूर होती. फक्त एकाकी कोणी निघेना.

"अख्ख्या इमारतीत एक म्हातारा धड एकटा नाही!" रात्री जेवताना ताई वैतागून म्हणाल्या.

"अभिनंदन," नवरा म्हणाला.

"अभिनंदन काय डोंबलाचं! विषयच बुडाला माझा. आता घेतायत मला!"

सासूबाईंनी घास हातातच ठेवला. "म्हणजे एकटी माणसं सापडली नाहीत तर तुला ॲडमिशन नाही?"

"कशी देतील, आई?"

"किती लागतात?"

"पाच-सहा तरी हवीत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. जणू शेजारून चार खुर्च्या मागवायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई घाईघाईनं चपला अडकवून खाली गेल्या त्या दुपारी परत आल्या. त्यांच्या मागोमाग बेल वाजली. दारात पोस्टमनकाका. मान खाली, खांदे पडलेले.

"ताई, काल मी खोटं बोललो गं. फार एकटा आहे मी. जन्मभर लोकांच्या दारात पत्रं टाकली, आज माझं दार कोणी वाजवत नाही. रात्री ती घड्याळाची टिकटिक तेवढी सोबतीला."

ताईंचे डोळे भरून आले. आता, समाजसेविकेच्या नोकरीत एक सवय हाडीमांसी खिळते. समोरचा रडायला लागला की आधी रुमाल द्यायचा. शंका घ्यायची ती मागाहून, आणि बहुतेक वेळा विसरूनच जायची. ताईंनी रुमाल दिला. खाली एखादं मंडळ काढून काकांना त्याचं अध्यक्ष करावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मॅडमचे शब्द आठवले आणि त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या.

मग शिंपीणकाकू आल्या. "माझ्याशी बोलणारं कोण्णी नाही गं," असं त्या म्हणताहेत तोच त्यांचा फोन वाजला. काकूंनी तो बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला.

"घ्या ना काकू, महत्त्वाचा असेल."

"छे गं, राँग नंबर. मेली माझी बहीणच... म्हणजे बहिणीसारखा आवाज आहे त्या राँग नंबरचा. काय सांगत होते मी? हां, रात्री घड्याळाची टिकटिक तेवढी सोबतीला."

त्यानंतर हेडमास्तर आले. निवृत्त होऊन जमाना झाला तरी इस्त्री मोडली नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि एकाकीपणाचा अर्थ, त्याची कारणं आणि त्याचे परिणाम असं ओळीनं सांगितलं. "एवढं पुरे, की उदाहरणं देऊ?" असंही विचारलं. ते गेल्यावर जिन्यात कुजबुज झाली, आणि हेडमास्तर पुन्हा दारात उभे राहिले.

"एक मुद्दा राहिला. घड्याळाची टिकटिक."

संध्याकाळपर्यंत ताईंकडे हवी होती त्याहून जास्त एकाकी माणसं जमली. देवानं दिलं की भरभरून देतो, असं म्हणत त्यांनी रात्री नवऱ्याला हलवून उठवलं. "अहो, माझ्या लक्षात आलंय! प्रत्येकाच्या बोलण्यात घड्याळ आहे! वृद्धांच्या एकाकीपणात घड्याळाचं स्थान, यावर आजवर कोणी काही लिहिलंच नसेल!"

"मलाही घड्याळच दिसतंय," नवरा म्हणाला आणि कुशीवर वळला.

मुलाखत कॉम्प्युटरवरच होती. ताईंनी बेडरूमचं दार लावून घेतलं. बाहेरच्या खोलीत धीर द्यायला म्हणून झाडून सगळे एकाकी जमले होते. चकार शब्द काढायचा नाही, अशी सासूबाईंनी तंबी दिली होती. पण बसून बसून कंटाळा येतो म्हणून कोणीतरी पत्ते काढले.

पडद्यावर मॅडम होत्या, आणि शेजारी गेल्या वर्षीचे सर. ताईंनी आपली पाहणी सांगायला घेतली. ही माणसं दिवसचे दिवस कुणाशी बोलत नाहीत, इमारतीवर स्मशानशांतता असते, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनाच घड्याळाची टिकटिक ऐकू येते?"

"हो मॅडम! तोच तर माझा शोध..."

"सगळे शब्दसुद्धा तेच वापरतात?"

ताई उत्तर द्यायच्या आतच बाहेरून हास्याचा असा स्फोट झाला, की टेबलावरचा पेनांचा डबा हलला. हेडमास्तर पत्त्यांत लबाडी करताना पकडले गेले होते.

"शेजारी काही समारंभ आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग हे कोण हसतंय?"

ताईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "माझी एकाकी माणसं," त्या पुटपुटल्या.

मॅडमनी चष्मा काढला. तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई सगळ्यात पुढे होत्या. त्यांनी दाराला कान लावला होता हे सांगायला नकोच.

"मॅडम, माझ्या सुनेचं काही चुकलेलं नाही. आम्ही सगळे खरंच फार एकटे आहोत."

"फार!" मागून सगळे एका सुरात म्हणाले.

"एकेकानं बोला, गोंधळ नको!" हेडमास्तर ओरडले.

"आणि तुम्ही रोज असे जमता?" मॅडमनी विचारलं.

"छे छे, रोज कुठे!" पोस्टमनकाका कळवळून म्हणाले. त्यांच्या हातात अजून तीन राजे होते. "परवाची दुपार चुकली ना आमची!"

ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. घड्याळाचा शोध, अभ्यासरजा, पदवी, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढून सरकत चाललं होतं. अजूनही काहीतरी सारवासारव करता आली असती. पण त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"मॅडम, ही माहिती खोटी आहे. यांतलं कोणीच एकाकी नाही. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. सगळं रद्द करा."

"अगं, गप की!" शिंपीणकाकू हळूच म्हणाल्या. "मी इतकी छान रडले होते!"

"यांना खोटं बोलायला सांगितलं कोणी?" मॅडमनी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "सांगायला कुठे लागलं म्हणा! पोरीची ॲडमिशन अडलीय एवढंच म्हटलं, तर रांग लागली. यांचं प्लॅस्टर हिनं घालून आणलंय, त्यांचं पेन्शन हिनं सोडवलंय. आता हिचं अडलं, तर हातभर खोटं बोलायला काय जातंय?"

पडद्यावरचा आवाज बंद झाला. मॅडम आणि सर बराच वेळ एकमेकांशी बोलत होते. सरांचे खांदे हलत होते; खोकल्यानं की हसण्यानं, ते कळत नव्हतं. इकडे पहिल्यांदाच इमारतीत खरी शांतता झाली होती.

मग आवाज परत आला. "एकाकीपण सोडा," मॅडम म्हणाल्या. "मदत करणाऱ्याचं अडलं की लोक काय काय करतात, हा तुमचा विषय. तो तुमच्या दारात उभा आहे आणि तुम्ही घड्याळ बघत बसलात. हाती आलेली माहिती खोटी आहे असं उठून सांगणारा उमेदवार आमच्यासमोर पहिल्यांदाच आला. तुम्हाला घेतलं आम्ही. मात्र एक अट. यापुढे या सगळ्यांनी फक्त खरं बोलायचं."

खोलीत एकच जल्लोष झाला. शिंपीणकाकू खरोखरच्या रडल्या, आणि या वेळी त्यांना रुमाल ताईंचा नव्हे, सासूबाईंचा मिळाला. ताई सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या, तर पोस्टमनकाकांना भलतीच चिंता पडलेली.

"फक्त खरं? तेही इतकी वर्षं? जमेल का हो आपल्याला?"

"न जमायला काय झालं?" सासूबाईंनी सुनेला उठवत म्हटलं. "अगं, खरं काय बोलायचं तेवढं आधी सांगून ठेव; म्हणजे उद्यापासून सगळ्यांकडून पाठ करून घेते."