नेमतुल्ला आगांची लाल कॉलर

मानवी प्रगतीचा इतिहास म्हणजे वस्त्रांचा इतिहास. माणसाने आधी अंग झाकले आणि मग, जरा उसंत मिळाल्यावर, मन. इराणमधल्या यझद शहरातल्या एका वस्त्र-संशोधन केंद्राने विणलेल्या नव्या कापडाने यातली दुसरी सोय काढून घेतली. तीही अनवधानाने.

केंद्राचा हेतू शुद्ध वैद्यकीय होता. नाडी आणि घाम ओळखणारे धागे. हृदयावर ताण आला की पांढरी कॉलर लाल. पहिला सदरा चढवण्याचा मान नेमतुल्ला आगांना मिळाला, कारण त्यांचं हृदय नाजूक होतं आणि संशोधक माहलगा ही त्यांचीच मुलगी होती. (प्रयोगाला घरचा माणूस बरा, तक्रार घरातच राहते.)

निष्कर्ष उद्बोधक निघाले. जिना चढल्यावर कॉलर पांढरीच. मात्र आगांच्या दुकानात गिऱ्हाइकाने किंमत विचारली आणि आगा रीतीप्रमाणे म्हणाले, "तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?" की कॉलर लाल. शेजाऱ्याला "या ना जेवायला" म्हटलं, लाल. "तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो" म्हटल्यावर तर लाली पार बटणांपर्यंत उतरली. अहवालानुसार हृदयावरचा नव्वद टक्के ताण आदरातिथ्यातून येतो. उरलेला दहा टक्के, पाहुणा खरंच आला तर.

अशातच बेहरूज आणि त्याची आई परिचेहर खानूम माहलगाला मागणी घालायला यायचे ठरले. मुलगा माहलगाच्या मनात भरला होता. आगांनी गुपचूप सदरा उतरवायला घेतला.

"बाबा, काढायचा नाही हं तो! जिवावर बेतेल."

"आणि नाही काढला तर तुझ्या लग्नावर बेतेल, त्याचं काय?"

सदरा अंगावरच राहिला. पाहुणे आले, चहा झाला.

"घर आपलंच समजा," आगा म्हणाले. कॉलर गुलाबी.

"आमचा बेहरूज म्हणजे तुमच्या मुलीच्या पायाची धूळ," खानूम म्हणाल्या. (त्यांच्या अंगावर साधं सुती कापड होतं, त्यामुळे हे खरं धरावं लागलं.)

"आता जेवूनच जायचं. आणि मुलगी काय, तुमचीच आहे!"

कॉलर डाळिंबासारखी झाली. खानूमनी पेला खाली ठेवला. "आगा, तुमची कॉलर काही वेगळंच बोलतेय." माहलगा रडायच्या बेतात.

आगा थकून गेले. "खरं सांगू, खानूम? जेवायला काहीच केलेलं नाही. आणि मुलगी तुमची-बिमची काही नाही, माझी आहे. हिची आई गेल्यापासून मला दम देणारं हे एकच माणूस उरलंय. द्यायला जिवावर येतंय."

कॉलर पांढरीशुभ्र.

खानूमनी कॉलर नीट निरखून पाहिली. "मलाही मुलगा सोडवत नाही हो," त्या म्हणाल्या आणि पदर नसल्यामुळे रुमालाने डोळे पुसले. "शेजारच्या गल्लीत राहू दे दोघांना. आणि आता अंडी तरी फोडा, भूक लागलीय मला."

लग्न ठरलं. केंद्राने हा प्रकार गंभीर दोष म्हणून नोंदवला आणि तत्परतेने दूर केला. सुधारित कापड चारचौघांत पांढरंच राहतं. त्याला मागणी प्रचंड आहे.

जुन्या कापडाचा एक सदरा मात्र केंद्रात पडून आहे, कोणी घेत नाही. वाचकहो, ही कथा आवडली असं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. फक्त आधी तो अंगात घाला.